दोन आगींमधले अंतर

जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात मी पायीच फिरलो. एल्बे नदीजवळच्या ज्यूंच्या प्रार्थनामंदिरापासून, म्हणजे सिनेगॉगपासून, फ्राउएनकिर्शे या चर्चपर्यंत चालत दहा मिनिटेदेखील लागत नाहीत. पण त्या वाटेवर मनात आलेला प्रश्न अजून सुटलेला नाही.

१८४० साली पूर्ण झालेले तिथले जुने सिनेगॉग नाझींनी ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जाळले. आल्फ्रेड नॉयगेबाउअर या अग्निशामक जवानाने त्यावरचा दाविदाचा तारा लपवून वाचवला. २००१ साली उभ्या राहिलेल्या नव्या वास्तूच्या दारावर आज तोच तारा आहे. चर्चची आग नंतरची. १३ फेब्रुवारी १९४५ पासून ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांनी केलेल्या बाँबहल्ल्यांत सुमारे २५,००० माणसे मेली. चर्च कोसळले, ते २००५ मध्ये पुन्हा उभे राहिले. त्याच्या भिंतींत जुने काळे दगड वेगळे ओळखू येतात.

‘करावे तसे भरावे’ असे म्हणून मोकळे व्हावे, असे क्षणभर वाटले. पण करणारे आणि भरणारे एकच होते का? तळघरांत गुदमरलेल्या लेकरांनी कोणते सिनेगॉग जाळले होते?

आणि तरीही व्हिक्टर क्लेम्पेरर आठवतो. ज्यू म्हणून प्राध्यापकी गमावलेल्या या माणसाला १३ फेब्रुवारीलाच, शहरातल्या उरल्यासुरल्या ज्यूंना हद्दपारीच्या नोटिसा वाटत हिंडावे लागले. त्याच रात्री बाँब पडले. पत्नी एफाने त्याच्या कोटावरचा सक्तीचा पिवळा तारा चाकूने काढून टाकला आणि निर्वासितांच्या गर्दीत मिसळून दोघे निसटली. ज्या आगीने हजारोंचा बळी घेतला, तिनेच या दोघांना सोडवले.

मग ती आग चांगली म्हणायची? माझे मन होकार देत नाही. क्लेम्पेरर वाचला याचा आनंद मानावा. पण लेकरांचे मरण त्यासाठी जमेला धरता येत नाही. दुःखातून दुःख वजा होत नाही. मात्र त्यांचा क्रम विसरणे हेही असत्यच. ड्रेस्डेनची कहाणी जो १९४५ पासून सांगतो, तो पहिली आग झाकतो. आणि १९३८ चे नाव घेऊन जो १९४५ चा हिशेब मिटवतो, तो मेलेल्या लेकरांना आरोपी ठरवतो.

आपल्या समाजाचे दुःख सांगताना आपण कहाणी कुठल्या सालापासून सुरू करतो, हे प्रत्येकाने एकदा स्वतःला विचारून पाहावे.