पोटभर जेवून पाहुणे जाणे

पाहुणचारास निघालेल्या मनुष्याने वाटेत पोटभर जेवावे की नाही, हा प्रश्न वाचकांस प्रथम क्षुल्लक वाटेल. आम्हांसही तसाच वाटत होता. परंतु गेल्या उन्हाळ्यात याच क्षुल्लक गोष्टीपायी आमच्या तोंडून एक असत्य निघाले, आणि ते अद्याप आमच्या मनास टोचत आहे.

आम्ही सहकुटुंब अहिल्यानगराहून मोटारीने मावशीबाईंच्या भेटीस निघालो होतो. त्या जालना जिल्ह्यात, बदनापूर तालुक्यातील एका खेड्यात राहतात. प्रवरासंगमापाशी गोदावरी ओलांडून दोन प्रहरी आम्ही छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, पोहोचलो. तेथे मुलांनी नान-खलियाचा हट्ट धरला. इ. स. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने आपली राजधानी दिल्लीहून दौलताबादेस हलविली, तेव्हा त्याच्या लष्करामागे हे जेवण इकडे आले, असे तेथील लोक सांगतात. नान म्हणजे भट्टीत भाजलेली जाड, मऊ रोटी. वरून हळदीचा हात फिरविलेला असल्यामुळे ती पिवळीधमक दिसते. खलिया म्हणजे मटणाचा मसालेदार रस्सा, वर लाल तर्री. भाकरी कालवणात कुस्करून खाणारे आम्ही पहिल्या घासास बिचकलो. दुसऱ्यास मात्र नाही. एक नान म्हणता म्हणता तीन झाले.

अशा खाण्यास आमच्या मंडळ्यांतील कित्येक वडीलधारे पैशाची नासाडी म्हणतात. हे आम्हांस मान्य नाही. आमच्या आजोबांस गावच्या हॉटेलात पाऊल टाकू देत नसत. बाहेर वळचणीस ठेवलेल्या निराळ्या कपात वरून चहा ओतीत, आणि तो कप त्यांनीच विसळून जागच्या जागी ठेवावयाचा. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने जात, धर्म, लिंग इत्यादी कारणांवरून कोणासही दुकानात वा सार्वजनिक उपाहारगृहात मज्जाव करता येणार नाही असे ठरविले. १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेपायी असा मज्जाव करणाऱ्यास शिक्षाही ठेविली. कायदा झाल्यावरही ते निराळे कप पुष्कळ वर्षे वळचणीस राहिले, ही गोष्ट वेगळी. म्हणून परक्या लोकांच्या शेजारी बाकावर बसून अनोळखी पदार्थ मागवावा आणि कोणी काही न विचारता तो पुढे यावा, यास आम्ही चैन म्हणत नाही.

असो. तिसऱ्या प्रहरी आम्ही मावशीबाईंच्या दारी पोहोचलो, तो घरात रश्श्याचा वास दरवळत होता. त्यांनी घरची कोंबडी कापली होती, ज्वारीच्या भाकऱ्यांची चवड रचली होती, आणि आमची वाट पाहत स्वतः सकाळपासून उपाशी होत्या. आम्ही पानावर बसलो. अर्धी भाकरी कशीबशी उतरली.

“का रे, रस्सा बिघडला काय?” त्यांनी विचारले.

“नाही मावशी, सकाळपासून पोट बरे नाही,” आम्ही म्हणालो.

दुसऱ्याचे मन मोडू नये म्हणून बोललेले खोटे हे हलके खोटे, असे पुष्कळजण मानतात, आणि त्या घटकेस आम्हीही मनाची तशीच समजूत घातली. पण पुढे काय झाले ते ऐका. मावशीबाई ताबडतोब उठल्या व ओवा घेऊन आल्या. स्वतःचे ताट त्यांनी झाकून ठेविले ते ठेविलेच. संध्याकाळी आमच्यासाठी निराळा मऊ भात केला, आणि रात्री दोन वेळा उठून आमची चौकशी केली. पंचाहत्तरी ओलांडलेल्या त्या बाईची झोप गेली, जेवण गेले. आम्ही मात्र अंथरुणावर पडून खऱ्या आजाऱ्यासारखे कण्हावे की काय, या विवंचनेत होतो.

मग आम्ही कोणाचे मन राखिले? खरे पाहता आपल्या तोंडावरची लाज राखिली, आणि तिला दुसऱ्याविषयीच्या ममतेचे नाव दिले. त्याहून वाईट हे की, खरे सांगितल्यास मावशी रुसेल, असे आम्ही परस्पर ठरवून टाकिले. ज्या बाईने पाच लेकरे एकटीने वाढविली, तिला एवढेही सोसणार नाही असे मानणे, हा तिचा मान नव्हे.

सकाळी आमच्या धाकट्या मुलाने पिवळ्या रोटीची सारी हकीकत सांगून टाकली. आमची मान खाली गेली. मावशीबाई थोडा वेळ चुलीत लाकूड सारीत राहिल्या.

“मग माझ्यासाठी का नाही बांधून आणलीस?” त्या म्हणाल्या. “रात्रभर मला वाटलं, माझ्याच हातून काही चुकलं.”

आम्ही क्षमा मागितली. त्यांनी ती ऐकली न ऐकली, आणि कालचा रस्सा चुलीवर ठेविला. थोड्या वेळाने, पाठ आमच्याकडे असतानाच, त्यांनी विचारले, “तिथं कपबशी सगळ्यांची एकच असती ना?”

“होय मावशी, एकच.”

“आत बसवतात?”

“आतच बसवतात.”

“मग पुढल्या खेपेस मलाच घेऊन चल,” त्या म्हणाल्या, आणि आमच्या ताटात पुरी भाकरी वाढली.