काझीण

चेन्नईत टी. नगरला राहून तमिळमधून मराठीत अनुवाद करताना एक अडचण नेहमी येते. तमिळमध्ये न्यायाधीश 'सोन्नार' म्हटलं की झालं. बाई की पुरुष, याच्याशी आदरार्थी क्रियापदाला देणंघेणं नाही. मराठीत 'म्हणाले' की 'म्हणाल्या' हे आधी ठरवावं लागतं. 'काझी'पाशी तर मराठी पुरती अडते. पाटलाची पाटलीण, तशी काझीण म्हटली तर ती काझीची बायको होते.

फातिमा बीवी 1989 साली सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या स्त्री न्यायाधीश झाल्या. पुढे 1997 ते 2001 त्या इथल्याच राजभवनात राज्यपाल होत्या. त्यांचा निकाल मुसलमान पुरुषालाही बांधील होता. मग भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने मुंबईत बायकांना काझीपदाचं शिक्षण दिलं, ते एवढं का खुपावं? शास्त्र काही एकमुखी नाही. शाफई मताला स्त्री न्यायाधीश मान्य नाही (आपले कोकणी मुसलमान बहुतेक शाफईच). हनफी मत शिक्षेचे ठरावीक गुन्हे वगळून मुभा देतं. आणि शाफई परंपरेच्याच मलेशियाने 2010 मध्ये शरिया न्यायालयात दोन बायका नेमल्या.

आपल्याकडचा 1880 चा काझी कायदा तर काझीला न्यायदानाचा अधिकारच देत नाही. तरी काझीच्या दाखल्यावर तलाक पक्का मानला जाई. वकील बदर सईद यांनी मद्रास उच्च न्यायालयात दाद मागितली आणि जानेवारी 2017 मध्ये न्यायालयाने सांगितलं, असा दाखला म्हणजे निव्वळ मत.

म्हणजे वाटा दोन: काझीच्या खुर्चीची उंची कमी करायची, नाहीतर त्या खुर्चीत बाईने बसायचं. पहिली मला जास्त सुरक्षित वाटते, पण ती पुरत नाही. कागदोपत्री सुटका झाली तरी 'अल्लासमोर मी मोकळी झाले का?' ही शंका जिला छळते, तिला उच्च न्यायालय काय सांगणार? तिला उत्तर धर्माच्या भाषेतलं हवं. ते देणाऱ्याच्या हाताशी पोलीस नाहीत, बेलिफ नाही. विचारणारीचा विश्वास तेवढा. तो कुणावर ठेवायचा हे तिनेच ठरवायचं, तर समोर बाई असावी या तिच्या मागणीला हरकत घेणारे आपण कोण?

स्त्री काझी कनवाळूच असेल, हे मात्र आपणच गृहीत धरलेलं. उद्या तिने पोथीला धरून बाईच्याच विरोधात मत दिलं, तर आज टाळ्या वाजवणारे आम्ही पुरोगामी तिला काझी म्हणत राहू का?