खरी, खोटी आणि नुरा

माणसाने बँकेत नोकरी करावी की करू नये याबद्दल मतभेद असू शकतील. पण बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाने गावच्या जत्रेला जाऊ नये, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका उरलेली नाही. बारामतीच्या काउंटरवर दिवसभर दुसऱ्यांच्या नोटा मोजणारा हा गृहस्थ एसटीनं काटेवाडी, भवानीनगर, लासुर्णे करत इंदापूर तालुक्यातल्या आपल्या गावी उतरला रे उतरला, की जत्रा कमिटी त्याच्या हातात वर्गणीची पिशवी देते. 'बँकेतला माणूस हाय, हिशेब चोख ठेवील!' बँकेत ज्याला साधी रजा द्यायची तरी तीन सह्या लागतात, त्याच्यावर अख्खं गाव एका पिशवीनिशी विश्वास टाकतं. याचा अभिमान बाळगावा की गावाची काळजी करावी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पिशवी आली म्हणजे कुस्त्यांची इनामं वाटणं आलं. आणि इनामं वाटणं आलं म्हणजे सत्य म्हणजे काय, हा प्रश्न आला. तत्त्वज्ञांना हा प्रश्न ग्रंथांत भेटतो. मला तो हलगीच्या ठेक्यावर, लाल मातीत, लांग कसून उभा असलेला भेटला. त्याचं नाव नुरा.

ज्या वाचकांचा मातीशी संबंध गॅलरीतल्या कुंडीपुरताच आला आहे, त्यांच्यासाठी सांगतो. नुरा म्हणजे दोन पैलवानांनी आधीच आपसात ठरवून केलेली कुस्ती. शड्डू खरे, घाम खरा, अंगाची माती खरी. फक्त कुस्ती तेवढी खोटी. पकड दिसते, पण लागत नाही. ढाक टाकण्याचा आव आणला जातो, पण टाकली जात नाही. पाठ मातीला टेकणार असं वाटलं की जोडी नेमकी प्रेक्षकांच्या मांडीवर जाऊन पडते. वीस मिनिटं अशी खडाखडी झाल्यावर पंच दोघांचे हात वर करून 'बरोबरीत!' म्हणतात, आणि फडातून आरोळी उठते : 'नुरा! नुरा!' मी काउंटरवरून 'लिंक नाही' म्हणालो की खातेदारांच्या चेहऱ्यावर जे भाव उमटतात, त्यांना आवाज फुटला तर तो असाच येईल.

नुरा वाईट, याबद्दल गावात एकमत आहे. (गावात एकमत असलेली ही एकमेव गोष्ट.) पण का वाईट, असं विचारलं की पंचाईत होते. 'आधी ठरवलेलं असतं म्हणून' हे उत्तर पुरत नाही. लग्नातला अंतरपाट कधी दूर व्हायचा, हेही ठरलेलंच असतं. १९९०च्या दशकात आमची अख्खी पिढी टीव्हीवर अंडरटेकरच्या कुस्त्या बघत होती आणि शाळेत त्याच्या ट्रंपकार्डांवर भांडत होती. त्याही ठरलेल्याच. त्याच्या आधीच्या पिढीसाठी मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँग होते. हा किंगकाँग म्हणजे एमिल झाया नावाचा हंगेरियन वंशाचा माणूस. १९०९ साली जन्मला त्या गावाला आज रोमानियात शोधावं लागतं. राहायचा सिंगापूरला, आणि पोट भरायचा आशियाभर हिंडून, गावोगावच्या नायकांसमोर अक्राळविक्राळ दिसून. १९७० साली मोटार अपघातानंतर तो गेला. असा फिरस्ता खलनायक नसता, तर नायकांनी चीत कोणाला केलं असतं? जिंकणाऱ्याचे पुतळे होतात. सुंदर हरणाऱ्याला मात्र पुढच्या गावची गाडी पकडावी लागते.

तेव्हा प्रश्न असा, की ठरवलेली कुस्ती नेमकी खोटी कुठे होते? याचा शोध घेता घेता मला आणखी एक युरोपियन पैलवान सापडला आणि प्रश्न सुटण्याऐवजी त्याची गाठ जास्तच बसली. पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को. गामाशी लढलेला, एवढं जुन्या कुस्तीशौकिनांना माहीत असतं. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये ही कुस्ती झाली. ती शंभर टक्के खरी होती; आणि म्हणूनच अतिशय कंटाळवाणी होती. गामाचं पाणी ओळखून झिबिस्को लवकरच मातीला, म्हणजे तिकडच्या चटईला, जो चिकटला तो अडीच तासांहून अधिक वेळ सुटला नाही. कुस्ती बरोबरीत. आठवड्यानं पुन्हा लढायचं ठरलं, तर हा गडी आलाच नाही, आणि जॉन बुल पट्टा गामाला मिळाला.

खरेपणाचा हा रोग अमेरिकेतही होता. १९१६ साली ओमाहा शहरात लुईस आणि स्टेचर सुमारे पाच तास लढले, आणि निकाल काय? बरोबरी. प्रेक्षक तरी किती सत्य सहन करणार? मग १९२०च्या दशकात लुईसच्या कंपूनं कुस्तीला वेळेची मर्यादा घातली, उड्या आणि आदळआपट वाढवली, आणि कोण जिंकणार हे आधी ठरवायला सुरुवात केली. फक्त ते प्रेक्षकांना सांगायचं मात्र राहून गेलं.

या कंपूनं जानेवारी १९२५मध्ये वेन मन नावाच्या साडेसहा फुटी फुटबॉलपटूला जगज्जेता करून टाकलं. (त्याचं आडनावच 'मन' असल्यामुळे पुढची हकिगत मराठीत उगीच आध्यात्मिक वाटेल, त्याला माझा इलाज नाही.) मनाला कुस्ती फारशी येत नव्हती, पण देखणं होतं. १५ एप्रिल १९२५ रोजी फिलाडेल्फियात त्याच्यासमोर झिबिस्कोला उभं केलं. वय ४६. ठरलं होतं असं, की म्हाताऱ्यानं हरायचं. आणि फडात उतरल्यावर म्हातारा एकाएकी खरी कुस्ती खेळला! मनाला पुन्हा पुन्हा चीत केलं. हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत जगज्जेतेपद गेलं, आणि कंपूला ओरडताही येईना. ओरडणार काय? 'फसवणूक झाली हो, कुस्ती खरी झाली!'

आता सांगा, यात लबाड कोण? ठरल्याप्रमाणे हरला असता तर प्रेक्षकांना फसवलं असतं. जिंकला तर जोडीदाराला फसवलं. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे अशा वेळी मला भगवद्गीता आठवत नाही, १८७२चा करार कायदा आठवतो. कलम २३ : ज्या कराराचा हेतूच फसवणुकीचा, तो करार रद्दबातल. म्हणजे झिबिस्कोनं मोडलेला करार मुळात करारच नव्हता. पदवी मिळाल्यापासून पहिल्यांदाच तिचा उपयोग झाल्याच्या आनंदात मी होतो, तेवढ्यात पुढची ओळ वाचली. झिबिस्को विरोधी कंपूला आधीच मिळालेला होता. ३० मे रोजी सेंट लुईसला तो त्यांच्या स्टेचरकडून शिस्तीत हरला. म्हणजे खोटं बोलायचं कबूल करून त्यानं खरं बोललं, ते दुसऱ्या खोट्यासाठी. माझं कलम २३ तिथंच चारी मुंड्या चीत.

हा सगळा विचार डोक्यात असताना मागच्या जत्रेत ११,००० रुपयांची कुस्ती लागली. एक पैलवान सोलापूरकडचा, दुसरा फलटणकडचा. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. दोघं एकमेकांच्या मानेवर हात ठेवून अशा बेताने फिरत होते, की हरवलेली सुई शोधताहेत. आरोळी उठलीच. पंचांनी बरोबरी दिली. मंडळी माझ्याभोवती गोळा झाली : 'एक रुपाया द्यायचा न्हाई!' पिशवी माझ्या काखेत, त्यामुळे न्यायदेवताही मीच.

मी पाणी प्यायच्या टाकीमागं जाऊन त्यातल्या एकाला गाठलं. पंचविशीचा पोरगा. म्हटलं, 'पैलवान, हे काय?' तो चिडला नाही. त्यानं नुसता उजवा पाय पुढं केला. गुडघ्याला शेंदरी पट्टी होती.

'साहेब, चैत्र-वैशाखात जत्रा. तेवढ्यावर वर्षाचं दूध, तूप, बदाम. आज हितं, उद्या दुसरीकडं. हा गेला तर तुमची कमिटी काय देनार?'

मी गप्प.

'नारळ देईल,' तोच म्हणाला. मग जरा थांबून, 'तुम्ही वर्गणी किती दिली?'

'पाचशे एक.'

'मग पाचशे एकात माझा गुडघा पायजे व्हय?'

काउंटरवर मी रोज दोनशे माणसांना उत्तरं देतो. या खातेदारासाठी माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्याच्या वस्तादांना म्हणालो, 'मग सरळ पुकारून सांगा ना, की ही प्रदर्शनी कुस्ती आहे म्हणून.' वस्ताद हसले. म्हणाले, 'मग बसंल का कोन मातीत चार तास? लोकांना खरी कुस्ती नको असती साहेब, खरी वाटणारी पायजे असती.'

हँडबिलावर छापलं होतं, 'निकाली कुस्तीस पूर्ण इनाम, बरोबरीस निम्मे.' छापील अक्षराला मान देणं हा आमचा व्यवसाय. निम्मे, म्हणजे साडेपाच हजार, दोघांत सारखे वाटले आणि सही घेतली. त्या दिवसापासून गावात काही जण मला 'नुरा खजिनदार' म्हणतात. उरलेले साडेपाच हजार मोडलेल्या हातापायांसाठी वेगळे ठेवावेत, अशी सूचना मी कमिटीपुढे मांडली. ती विचाराधीन आहे. विचाराधीन म्हणजे काय, हे कर्जासाठी अर्ज केलेल्या वाचकांना सांगायला नको.

पण त्या पोराच्या प्रश्नानं मला एवढं शिकवलं, की नुरा कुस्तीत दोन नव्हे, तीन पक्ष असतात. दोघं मातीत, आणि तिसरे आपण, कडेला भुईमुगाच्या शेंगा सोलत. दुसऱ्यानं खरं वागावं म्हणून आपण घसा फोडून ओरडतो, कारण त्या खरेपणाचा खर्च त्याच्या गुडघ्यातून वळता होणार असतो. आपल्या खात्यात काहीच नावे पडत नाही. म्हणून नुरा चांगली ठरते असं नाही. वर्गणी देणाऱ्याला अंधारात ठेवलं, ही फसवणूकच. खोटेपणा ठरवण्यात नसतो, लपवण्यात असतो. फक्त 'नुरा' म्हणून ओरडण्यापूर्वी माणसानं स्वतःच्या गुडघ्यांवरून एकदा हात फिरवावा.

झिबिस्कोचंही मी अखेर दोन खात्यांत विभागून टाकलं. फिलाडेल्फियाची ती कुस्ती खरी होती. विकत घेतलेली असली तरी मनाचे खांदे चटईला टेकले होते, ते टेकलेच. पण कुस्ती खरी झाली म्हणून कुस्ती करणारा खरा होत नाही. कृतीचं खातं वेगळं, माणसाचं वेगळं. एकाची शिल्लक दुसऱ्यात वर्ग करता येत नाही. माणसाच्या खात्यात जमेला धरायचंच तर मी १९२८ साल धरीन. त्या वर्षी हा माणूस पन्नाशीच्या उंबरठ्यावर, समुद्र ओलांडून पतियाळाला आला आणि पुन्हा गामासमोर उभा राहिला. या वेळी तो चिकटून बसला नाही. एका मिनिटाच्या आत चीत झाला. आयुष्यातली ही त्याची सगळ्यात आखूड कुस्ती असेल, पण तिच्यात कोणालाच कोणी फसवलं नव्हतं.

पुढे १९५० साली 'नाइट अँड द सिटी' नावाच्या चित्रपटात सत्तरीच्या झिबिस्कोनं काम केलं. भूमिका कोणती? ठरवलेल्या कुस्त्यांचा तिटकारा असलेल्या, जुन्या सच्च्या पैलवानाची. चित्रपटात शहर लंडनच. त्यात तो एक शेवटची कुस्ती जिंकतो आणि मुलाच्या हातांत प्राण सोडतो. खरा झिबिस्को त्यानंतर सतरा वर्षं जगला. ती कुस्ती अर्थातच पहिल्यापासून शेवटपर्यंत ठरलेली होती. पण ती ठरलेली आहे हे तिकीट काढून बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यामुळे कोणीही 'नुरा' म्हणून ओरडलं नसेल. काहींनी तर डोळेही पुसले असतील.