हातगुण कुणाचा?

आमच्या आजीला रक्तदाबाची गोळी रोज एक सांगितली होती. ती एक दिवसाआड घ्यायची. पाकीट दुप्पट दिवस पुरतं, हा तिचा हिशोब. घरात कुणाला पत्ता नव्हता. एकदा आमचे जुने डॉक्टर दंडाचा पट्टा सोडून, काही न बोलता तिच्याकडे बघत राहिले आणि आजीने तिथल्या तिथे कबूल करून टाकलं. ते रागावले नाहीत. "बरं झालं बोललात, मी आज डोस वाढवणार होतो," एवढंच म्हणाले.

अशा डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, असं आपण म्हणतो. मला तो गुण निम्मा तरी पेशंटच्या जिभेवर असतो असं वाटतं. ज्याच्यापुढे खरं बोलता येतं त्याचं औषध लागू पडतं, कारण ते खऱ्या दुखण्यावर दिलेलं असतं. (कंपाउंडरने दिलेल्या गुलाबी मिक्श्चरचाही थोडा गुण असेल, ते कशाचं होतं, हे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.)

महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या पेशंटच्या उशाशी रात्री काढल्या. दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, मग फुप्फुसात पाणी, हा क्रम त्यांनी टिपला आणि प्राझोसिन हे मूळचं रक्तदाबाचंच औषध वापरलं. पूर्वी गंभीर पेशंटपैकी सुमारे 40 टक्के दगावत. ते प्रमाण 1 टक्क्याच्या आसपास आलं. पण हे औषध वेळेत पोटात जावं लागतं. विंचू चावला किती वाजता? मांत्रिकाकडे गेलेले दोन तास धरून की वगळून? ओरडा बसेल या भीतीने नातेवाइकांनी ते तास गिळले, तर डॉक्टरांचा हिशोब तिथेच चुकतो.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रिया तपासल्या. 1989 साली 'लॅन्सेट'मध्ये ते आकडे आले: 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के. अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं, सगळं बाईच्या जातीला असायचंच म्हणून सोसलेलं. सांगायचं तरी कुणाला? पुढे शोधग्राम या आपल्या वसाहतीत दवाखाना बांधताना त्यांनी आदिवासींनाच विचारलं. मोठ्या इमारतीची भीती वाटते, पांढरे कपडे आम्ही मेलेल्याला घालतो, घरच्यांना पेशंटजवळ राहू देत नाहीत, असं लोकांनी सांगितलं. म्हणून दवाखाना झोपड्यांचा झाला, नातेवाईक जवळ राहू लागले आणि नाव पडलं त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं. औषधाच्या आधी इथे जागा बदलली, आणि मला तर तोही उपचारच वाटतो.

जुने डॉक्टर गेल्यावर आजीला शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात नेलं. काउंटरवर फॉर्म होता. 'सध्या चालू असलेली औषधे' या रकान्यात माझ्या चुलतभावाने, घाईत, 'बीपीची गोळी, रोज एक' असं लिहिलं. नवे डॉक्टर चांगले होते, हुशारही. त्यांनी फाइल वाचली आणि विचारलं, "आजी, गोळी वेळेवर घेता ना?"

"घेते की," आजी म्हणाली.