उल्लेख आणि योग्यता

विद्वानाची योग्यता आकड्याने मोजता येते काय, हा प्रश्न आता केवळ तात्त्विक उरलेला नाही. १९६४ साली अमेरिकेत यूजीन गारफील्ड यांनी शास्त्रीय निबंधांतील उल्लेखांची सूची प्रसिद्ध केली, ती मुख्यतः अभ्यासकांच्या सोयीसाठी. एका निबंधाचा धागा पुढे कोणी उचलला, हे कळावे म्हणून. २००५ मध्ये हिर्श या पदार्थवैज्ञानिकांनी निर्देशांक सुचविला: ज्याच्या ४० निबंधांचा प्रत्येकी निदान ४० वेळा उल्लेख झाला, त्याचा निर्देशांक ४०. शोधाचे साधन पाहता पाहता तराजू झाले.

या तराजूत मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांचे पारडे फारच जड होते. १९१६ साली बर्लिनमध्ये जन्मलेला हा गृहस्थ नाझी राजवटीत देश सोडून गेला व लंडनच्या मनोविकारसंस्थेत प्राध्यापक झाला. १९९७ साली तो वारला, तेव्हा हयात मानसशास्त्रज्ञांत सर्वाधिक उल्लेखिला जाणारा तोच होता. त्याचा १९५२ चा निबंध अवघ्या सहा पानांचा. मज्जाविकृतीचे सुमारे दोन तृतीयांश रुग्ण मानसोपचारावाचूनही दोन वर्षांत सुधारतात, तेव्हा उपचाराचा गुण सिद्ध झालेला नाही, असे त्यात म्हटले होते. मानसोपचारकांत खळबळ उडाली, आणि पुढे कित्येकांनी त्याचा उल्लेख केला तो खंडनासाठीच.

यात वावगे काहीच नाही. आपल्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष मांडल्यावाचून सिद्धांत मांडीत नाहीत. चार्वाकाचे मत आपणांस ठाऊक आहे ते बहुतांशी त्याच्या विरोधकांच्याच ग्रंथांतून. उल्लेखच मोजायचे तर चार्वाक मोठ्या मोठ्या आचार्यांच्या पंक्तीला बसेल! (त्याची त्याला हरकत नसावी.) वादाला तोंड फोडणे हेही विद्वानाचे कार्यच आहे. परंतु मोजदादीला मंडन आणि खंडन यांतला भेद दिसत नाही, आणि खरी अडचण येथून पुढे सुरू होते.

उत्तरायुष्यात आयझेंक यांनी ग्रोसार्थ-माटिचेक या सहकाऱ्याबरोबर असे प्रतिपादिले की, कर्करोग व हृद्रोग यांनी येणाऱ्या मृत्यूचा संबंध धूम्रपानापेक्षाही स्वभावाशी अधिक आहे. तंबाखू कंपन्यांचा पैसा या संशोधनाकडे वळला होता. १९९२ मध्येच ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात या निष्कर्षांवर कठोर आक्षेप घेतले गेले. तथापि लंडनच्या किंग्ज कॉलेजने चौकशी करून या जोडीचे २६ निबंध विसंबण्यास अयोग्य ठरविले ते २०१९ मध्ये, आयझेंक यांच्या मृत्यूनंतर २२ वर्षांनी. उत्तर देण्यास ते उरले नव्हते; आणि आपला आजार आपल्या स्वभावाचेच फळ, असा समज करून घेतलेले रुग्ण कोण व किती, हे कोणत्या सूचीत शोधावे?

दोष एकट्या आयझेंक यांच्या माथी मारून मोकळे होणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. उल्लेख करणारा हा एक प्रकारचा साक्षीदार असतो. मूळ निबंध न वाचता, दुसऱ्याच्या तळटीपेतून तो उचलणारा मनुष्य न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देत असतो. सरकारी नोकरीत ज्यांचे केस पिकले त्या आमच्या वाचकांना हे विशेष सांगावयास नको: खालून आलेल्या टिपणीवर सही, त्या सहीच्या भरवशावर वरची सही, आणि अखेरीस त्या कागदावर सह्या पुष्कळ पण वाचणारा कोणीच नाही. शिवाय २००९ पासून त्यांच्याही वार्षिक मूल्यमापनात १ ते १० गुण आले. ७ आणि ८ यांमधील अंतर कोणत्या गजाने मोजले, हे गुण देणाऱ्या वरिष्ठालाही सांगता येईल असे दिसत नाही.

आकड्याच्या कैवाऱ्यांची बाजू अगदीच लंगडी नव्हे. आकडा नसेल तर वशिला असतो. परप्रांतात ओळखीदेखीपासून दूर नोकरी करणाऱ्याला निःपक्षपाती मापाची किंमत अधिक कळते. म्हणून माप टाकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. मात्र आकड्याला वजाबाकी येत नाही: मागे घेतलेल्या निबंधांचेही उल्लेख होतच राहतात, आणि तेही जमेसच धरले जातात.

आयझेंक यांच्याच जन्मभूमीत, जर्मनीच्या संशोधन-अनुदान संस्थेने २०१० मध्ये नियम केला की अर्जदाराने आपल्या कार्याचा दाखला म्हणून फार तर पाच निबंध द्यावेत. पाच निबंध समितीला वाचता येतात. ती ते वाचतेच असे नाही. पण न वाचण्याला सबब मात्र उरत नाही.