अर्जावरचं नाव

पाऊस लागला की आमच्या गंगापूर रोडवर सकाळची पहिली चौकशी एकच असते : विसर्ग किती सोडला? हा रस्ता गोदावरीची सोबत करत आनंदवल्ली, सोमेश्वर, गंगापूर गाव असा वर जातो, आणि त्याच्या वरच्या अंगाला १९६५ साली पुरं झालेलं मातीचं धरण आहे. आकडा क्युसेकमध्ये येतो. पण नाशिककराचं खरं माप रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती. त्याच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी, एवढं ऐकलं की पुढचं कुणी विचारत नाही.

२ ऑगस्ट २०१६ ला नदी अशी आली की काठची दुकानं, वाडे, वस्त्या सगळं तिने एका दिवसात पालथं घातलं. माझं घर उंचावर. आम्ही गच्चीतून पाणी पाहिलं. सोमेश्वरच्या बाजूचा धबधब्याचा आवाज एरवी कानाला गोड लागतो, त्या दिवशी तो पोटात ऐकू येत होता.

माझ्याकडे घरकामाला येणाऱ्या बाईंची खोली नदीकाठी होती. त्या चार दिवस आल्या नाहीत. पाचव्या दिवशी आल्या त्या ओल्या चपलांनीच. गहू गेले, गाद्या गेल्या, मुलीची दहावीची पुस्तकं गेली, रेशनकार्डाचा लगदा झाला. त्यांनी हे सगळं केर काढता काढता सांगितलं, आणि मी त्या रात्री बसून त्यावर लिहिलं. लेख चांगला उतरला. लोकांचे फोन आले, एका वाचकाने डोळ्यांत पाणी आल्याचं कळवलं. बाईंचं नाव मी लिहिलं नव्हतं. त्यांच्या आब्रूची काळजी घेतली असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना लेख वाचून दाखवला. भांडी घासायची थांबवून त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाल्या, "ताई, छान लिहिलंय. आता कार्डाचं कसं करायचं?"

त्या प्रश्नात टोमणा नव्हता, हे मला आजही सांगावंसं वाटतं. त्यांना खरोखर माझा सल्ला हवा होता. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. पुराच्या दोन वर्षं आधी आमचे हे गेले तेव्हा मला तीन महिने एक ओळ लिहिता आली नव्हती. त्या दिवसांत या बाई काम आटोपल्यावर अर्धा तास माझ्याजवळ जमिनीवर बसत. बोलत नसत. चहा करून देत आणि बसत. पुढची घरं वाट पाहत असायची, तरी बसत. माझ्या दुःखात त्या येऊन बसल्या, आणि त्यांच्या दुःखावर मी लेख लिहिला. हा फरक मला तेव्हापासून सोडत नाही.

लिहून झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न या शहराने लिहिणाऱ्यांना फार पूर्वी विचारलेला आहे. १९३३ हे एकच वर्ष घ्या. फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजी 'श्यामची आई' लिहीत होते, जवळजवळ सगळं पुस्तक पाच दिवसांत. कायदेभंगातले कैदी ते. त्याच वेळी पंचवटीत काळाराम मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह चालू होता. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारोंची मिरवणूक मंदिरावर गेली, दारं बंद झाली, त्या वर्षीच्या रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली, आणि तरी माणसं पुढची काही वर्षं पुन्हा पुन्हा येत राहिली. विष्णु वामन शिरवाडकर नावाचा तरुण या सत्याग्रहात सामील झाला होता. त्याचा पहिला संग्रह 'जीवनलहरी' याच १९३३ चा. आणि नाशिक रोडच्या त्या तुरुंगापासून जवळच, विहितगावात, अडीच वर्षांचं एक पोर वाढत होतं : बाबूराव बागूल.

चौघांची नावं एका दमात घेतली की सगळं जुळून आल्यासारखं वाटतं. तसं ते नाही. 'श्यामची आई'त एक प्रसंग आहे. एका अस्पृश्य म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढवायला हात लाव, असं आई श्यामला सांगते. आणि नंतर घरी येऊन आंघोळ कर, असंही सांगते. लहानपणी मी त्या मोळीसाठी रडले. ती आंघोळ मला पन्नाशी उलटेपर्यंत दिसली नाही. त्या माउलीला आज दोष देण्यात काही अर्थ नाही, तिने तिच्या काळात उचललेलं पाऊल मोठंच होतं. आणि गुरुजींनी ती आंघोळ लपवली नाही. पुढे १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठलमंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून ते दहा दिवस उपाशी राहिले. लिहून झाल्यावर जे करायचं उरतं, ते त्यांनी स्वतःच्या शरीरावर घेतलं.

बागूलांना तर ती आंघोळ पलीकडच्या बाजूने ठाऊक. सुरतेला रेल्वेत नोकरीला असताना खोली मिळावी म्हणून त्यांना जात लपवावी लागली. त्यातून आलेली कथा १९६३ च्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या संग्रहाला नाव देऊन गेली. त्या कथेतल्या माणसाला जात कळताच कालचे सोबती मारतात. मी ती कथा पहिल्यांदा वाचली तेव्हा रडू आलं नाही. मी उठून घराचं दार पाहिलं. आपल्या इमारतीत भाडेकरू ठेवताना काय काय विचारलं जातं ते आठवलं, आणि त्या बैठकांत मी गप्प बसले होते तेही. बागूल पुढे नाशिकलाच राहिले आणि २००८ साली इथेच गेले. एका शहरात इतकी वर्षं राहून मी त्यांना एकदाही भेटायला गेले नाही.

सत्याग्रहाचं आणखी एक लेखन आहे, ज्याला कुणी साहित्य म्हणत नाही. बाबासाहेबांनी दादासाहेब गायकवाडांना लिहिलेली पत्रं. दादासाहेब आमच्याच दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे, सत्याग्रहाची इथली धुरा त्यांच्या खांद्यावर. ३ मार्च १९३४ च्या पत्रात बाबासाहेबांनी त्यांना समजावलं की हा लढा मूर्तिपूजेच्या ओढीने उभारलेला नव्हता, माणसांना आपल्या स्थितीची जाण यावी आणि ती उठून उभी राहावीत यासाठी होता. यापुढे बळ राजकारणाकडे आणि शिक्षणाकडे लावायचं. दमलेल्या सहकाऱ्याला, चार वर्षांच्या अपमानानंतर, पुढे काय करायचं ते सांगणारं हे लेखन. ज्याला लिहिलं त्याच्या हातात ते काही ठेवून जातं.

माझा लेख बाईंच्या हातात काय ठेवून गेला होता?

त्यांनीच वाट काढली. "तुमचं अक्षर चांगलंय, अर्ज लिहून द्या." त्यांच्या वस्तीत गेले. पूर ओसरला तरी भिंतींवर छातीइतक्या उंचीवर गाळाची रेघ होती, घरात कुबट वास, आणि दारातल्या उंबराला मात्र धुऊन काढल्यासारखी तकाकी आलेली. झाडाचा मला त्या क्षणी रागच आला. मग पाहिलं, त्याच्याच फांद्यांवर साऱ्या वस्तीच्या गोधड्या वाळत होत्या.

ओट्यावर बसकर टाकून त्यांनी मला बसवलं. बायका जमल्या. कुणाचं कार्ड, कुणाचा जातीचा दाखला, कुणाचं बँकेचं पुस्तक. पहिला अर्ज अर्थातच आमच्या बाईंचा. मी कोऱ्या कागदावर तारीख घातली, विषय लिहिला, 'अर्जदाराचे संपूर्ण नाव' इथवर आले आणि पेन थांबलं. नऊ वर्षं त्या माझ्या घरात येत होत्या. आडनाव मला माहीत नव्हतं.

"सांगा," मी म्हटलं.

त्यांनी सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. ऱ्हस्वदीर्घ चुकू नये म्हणून मी पुन्हा विचारलं, आणि त्या हात पुसून माझ्या शेजारी बसल्या, कागदावर वाकल्या, अक्षर अक्षर उमटताना पाहू लागल्या.