उचलणारा कोण?

वनभोजन आटोपल्यावर पत्रावळी तेथेंच टाकून उठावें, हा आमच्या वाडवडिलांचा परिपाठ होता, आणि त्यांत कोणीं दोष मानिला नाहीं. पळसाचीं पानें पावसांत कुजत, उष्टें मुंग्या नेत. आजही हात तसाच मागें वळतो. मात्र त्यांतून प्लॅस्टिकची पिशवी सुटते, आणि ती कुजत नाहीं. एका तरुण शिक्षकबंधूंनीं आम्हांस विचारिलें कीं, जेथें कोणी फिरकत नाहीं अशा रानांत एक पिशवी पडली, तर कोणाचें काय गेलें?

महाबळेश्वराचेंच उदाहरण पाहा. तेथें वर्षास ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्या डोंगरावरून कृष्णा पूर्वेस वाईकडे उतरते, तर सावित्री पश्चिमेस बाणकोटच्या खाडीकडे जाते. म्हणजे माथ्यावर टाकिलेला कचरा दोन समुद्रांच्या वाटेस लागतो. शिवाय उष्ट्याच्या वासानें गाय पिशवीसकट अन्न गिळते. पिशवी पचत नाहीं, बाहेरही पडत नाहीं. अशा पिशव्या पोटांत सांचत जाऊन गाय चारा सोडते व मरते. टाकणारास हें कधीं कळत नाहीं, आणि जिची गाय गेली त्या बाईस टाकणारा कळत नाहीं.

पण समजा, तेथें गायही नाहीं आणि ओढाही नाहीं. तरीही आम्ही हें कृत्य निर्दोष म्हणणार नाहीं. टाकणाराच्या मनांत एक न बोललेली गोष्ट असते, ती ही कीं कोणीतरी उचलील. पत्रावळीच्या काळीं आपण स्वच्छ होतों असें नव्हे. आपल्यामागून माती झाडलोट करीत होती. गांवांत तो ‘कोणीतरी’ कोण असे, हें आमच्या पुष्कळ वाचकांस सांगावयास नको. चावडीपुढें कोणीं झाडावें, मेलेलें ढोर कोणीं ओढावें, हें जन्मानेंच ठरलेलें होतें. आणि नवल असें कीं, घाण करणारा शुद्ध व ती काढणारा अशुद्ध! १९५० सालीं संविधानानें अस्पृश्यता नाहींशी केली, पण ती समजूत हाताला चिकटून राहिली आहे, आणि आमच्याही हाताला ती नाहीं असें म्हणवत नाहीं.

गेल्या महिन्यांत आमच्याच मंडळीची सहल एका धबधब्यावर गेली होती. परततांना मागें पाहिलें, तों एक गुराखीण आमच्या पिशव्या वेंचून पदरांत घालीत होती. आम्ही लाजून माघारीं वळलों व पोतें भरूं लागलों. तेव्हां एक तरुण पुटपुटला, “हें काय आपलें काम आहे?” त्याच्या आजोबांनीं सारा जन्म गांवचीं ढोरें ओढिलीं होतीं. त्यास कोणीं उत्तर दिलें नाहीं. थोड्या वेळानें तोही वांकला.

तें पोतें अद्याप मंदिराच्या पडवींत आहे. आमच्या गांवीं प्लॅस्टिक नेणारी गाडी येत नाहीं. जाळावयाचें नाहीं एवढें ठरलें आहे. पुढच्या बाजारच्या दिवशीं तें तालुक्यास पोंचवूं.